कागदावर नाव बरोबर, मग यादीत ‘जुळत नाही’ कसं?

अनुदानाची यादी लागली की तलाठी कार्यालयापुढं गर्दी ठरलेली. ‘नाव जुळत नाही’ असं उत्तर मिळालेला शेतकरी पासबुक, आधार, सातबारा घेऊन चकरा मारतो. तिन्हीकडं नाव सारखंच दिसतं. मग अडतं कुठं? बऱ्याचदा यादी ज्या एक्सेल फाईलीत बनली, तिथंच.

गोऱ्हे, वऱ्हाडे, बिऱ्हाडे ही आडनावं घ्या. यातला ‘ऱ्ह’ संगणकावर दोन तऱ्हेनं टाईप होतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे वेगळं अक्षरच असतं. दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही ‘गोऱ्हे’ हुबेहूब एकच. एक्सेलला मात्र पहिला सहा चिन्हांचा, दुसरा सात चिन्हांचा. एक यादी तलाठ्याकडं बनली, दुसरी सेवा केंद्रात, की व्हीलुकअप सरळ ‘एन/ए’ दाखवतं. आणि चूक कुणाची ठरते? शेतकऱ्याची! शंका आली तर दोन्ही नावांवर ‘लेन’ हे सूत्र लावून बघा, आकडा वेगळा आला की घोळ सापडला.

याहून वाईट प्रकार सीएसव्ही फाईलीचा. साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं की मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि त्या फाईलीतून ती नावं परत मिळत नाहीत. म्हणून ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच प्रकार निवडायचा आणि मूळ फाईल जपून ठेवायची. उघडताना चित्रविचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका, नावं बहुधा शाबूत असतात. फक्त सेव्ह करू नका. डेटा टॅबमधून फाईल आत घ्या आणि यूटीएफ-8 निवडा.

काही ऑपरेटर मॅक्रो लावून प्रत्येक खातेदाराच्या नावाचं वेगळं शीट काढतात. तो मध्येच ‘1004’ चूक दाखवून बंद पडतो. शीटच्या नावात तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, चौकटी कंस चालत नाहीत आणि मर्यादा 31 चिन्हांची. इथं काना-मात्रा, हलंत सगळं मोजलं जातं : ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरं, एक्सेलला दहा चिन्हं. बाप-आज्याचं नाव नि आडनाव जोडलं की मर्यादा सहज ओलांडते. शीटला अनुक्रमांक द्या, नाव आतल्या रकान्यात ठेवा.

नावाऐवजी आकड्यांवर जुळवावं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण तिथंही जपून. खाते क्रमांकाचं सुरुवातीचं शून्य एक्सेल गिळतं, पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं. गट नंबर 12/2 टाकला तर तो 12 फेब्रुवारी होतो! रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मगच आकडे भरायचे. आधी भरून नंतर टेक्स्ट केलं, तर गेलेलं शून्य काही परत येत नाही.