ओसाड भूमीचे मृगजळ

गेल्या महिन्यात एका अभ्यासवर्गात पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "सर, त्या वेळी ज्यूंना युगांडाच दिला असता, तर हा सारा रक्तपात टळला नसता काय?" अनेक माना डोलल्या. वेळ संपत आल्यामुळे मी चार वाक्यांत उत्तर दिले, आणि ते समाधानकारक नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न प्रामाणिक आहे, पण निरुपद्रवी नाही. 'ज्यूंना दुसरी एखादी भूमी मिळाली असती तर' हा खेळ शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. कोणी पूर्व आफ्रिका सुचवतो, कोणी मादागास्कर, कोणी ऑस्ट्रेलियातील किंबर्ली, कोणी अलास्का. अलास्काच्या कल्पनेवर तर मायकेल शेबॉन या अमेरिकन लेखकाने २००७ मध्ये एक गाजलेली कादंबरीही लिहिली. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. राजकीय कार्यकर्त्याने मात्र नकाशावर बोट ठेवण्यापूर्वी विचारले पाहिजे, की त्या बोटाखाली कोण राहत होते?

युगांडाचेच पाहू. एप्रिल १९०३ मध्ये झारच्या साम्राज्यातील किशिनेव्ह शहरी ज्यूंची कत्तल झाली. त्याच वर्षी ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने थिओडोर हर्झल यांच्यापुढे पूर्व आफ्रिकेतील भूमीचा प्रस्ताव आला. ऑगस्टमध्ये बाझल येथील झायनवादी परिषदेत त्यावरून उभी फूट पडली. पाहणी मंडळ पाठवण्याचा ठराव संमत झाला खरा, पण ज्यांना आश्रयाची सर्वाधिक निकड होती त्या रशियातील प्रतिनिधींनीच कडवा विरोध केला. हर्झल १९०४ मध्ये वारले आणि १९०५ च्या परिषदेने योजना फेटाळली.

नाव युगांडाचे असले तरी ही भूमी आजच्या केनियातील उआसिन गिशू पठारावरची. ती 'ओसाड' दिसत होती, कारण तेथील मासाई टोळ्या एकोणिसाव्या शतकातील युद्धांत उद्ध्वस्त झाल्या होत्या. शेजारचे नांदी लोक मात्र ब्रिटिश सत्तेशी लढत होते. ज्या वर्षी झायनवादी परिषदेने योजना नाकारली, त्याच १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये नांदींचा नेता कोइतालेल सामोई याला तहाच्या बोलणीसाठी बोलावून रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने गोळी घातली. हाच गृहस्थ पुढे पॅलेस्टाइनमध्ये राजकीय अधिकारी झाला आणि झायनवादाचा कट्टर पुरस्कर्ता म्हणून मिरवला. हा योगायोग नव्हे. दोन्ही ठिकाणी साम्राज्यशाहीची नजर एकच होती.

या पठाराचे पुढे काय झाले, हे कल्पनेने ठरवण्याची गरजच नाही. १९०८ पासून दक्षिण आफ्रिकेतील बोअर तेथे वसवले गेले. आसपासचा सुपीक उंच प्रदेश गोऱ्यांसाठी राखला गेला, आफ्रिकी माणूस आपल्याच जमिनीवर मजूर झाला, आणि १९५२ मध्ये केनियात माउ माउचा उठाव पेटला. बोअरांच्या जागी ज्यू असते, तर रक्तपात टळला नसता. त्याचा फक्त पत्ता बदलला असता.

यावर एक भारदस्त आक्षेप येतो. 'तुमचा न्याय मान्य. पण भूमी मिळाली असती तर हिटलरच्या तावडीतून लक्षावधी जीव वाचले असते.' साठ लाख माणसांच्या हत्येपुढे कोणताही युक्तिवाद विनम्र व्हावा. तरीही आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला आकडे मांडावे लागतात. १८८१ ते १९१४ या काळात वीस लाखांहून अधिक ज्यू पूर्व युरोप सोडून गेले. बहुसंख्य अमेरिकेत गेले, कोणत्याही 'राष्ट्रीय भूमी'वर नव्हे. ते शिवणकामाच्या कारखान्यांत राबले, त्यांनी कामगार संघटना बांधल्या आणि ते जगले. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने हे दार जवळजवळ बंद केले. जुलै १९३८ मध्ये एव्हियां येथे बत्तीस देश जमले, त्यांनी सहानुभूती व्यक्त केली आणि दारे बंदच ठेवली. एकट्या डॉमिनिकन रिपब्लिकने एक लाख माणसे घेण्याची तयारी दाखवली. प्रत्यक्षात सोसुआच्या वसाहतीत काही शेकडा पोचली. १९३९ मध्ये 'सेंट लुइस' जहाजावरील नऊशेहून अधिक निर्वासितांना क्युबा, अमेरिका आणि कॅनडा या तिघांनीही नाकारले. त्याच वर्षी वीस हजार बालकांना प्रवेश देणारे विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये बारगळले.

निष्कर्ष उघड आहे. उघड्या दारांनी लाखो जीव वाचवले, आखलेल्या भूमींनी काही हजार. उणीव भूमीची नव्हती, माणुसकीची होती. 'दुसरी भूमी' शोधण्याचा उद्योग हा पुष्कळदा स्वतःचे दार न उघडण्याचा सभ्य बहाणा होता.

येथे आपल्या घरातील केरही काढला पाहिजे. आपल्यापैकी काही जण अजून बिरोबिद्झानचा दाखला अभिमानाने देतात. १९२८ मध्ये सोव्हिएत सरकारने चीनच्या सीमेलगतचा दलदलीचा प्रदेश ज्यू वसाहतीसाठी राखला आणि १९३४ मध्ये त्याला स्वायत्त प्रांताचा दर्जा दिला. यिद्दिश भाषेत शाळा आणि वृत्तपत्रे निघाली, हे खरे. परंतु ज्यू जेथे पिढ्यान्पिढ्या राहत होते तेथून हजारो मैलांवरची ही जागा सीमारक्षणाच्या सोयीने निवडलेली होती. ज्यू तेथे कधीही बहुसंख्य झाले नाहीत. १९३६ नंतरच्या शुद्धीकरणात प्रांताचे नेतृत्वच कापले गेले आणि महायुद्धानंतर पुन्हा घाला पडला. आज तेथील ज्यूंचे प्रमाण एक टक्काही नाही. लाल झेंड्याखाली केली म्हणून माणसांची पाठवणी समाजवादी ठरत नाही.

या विचाराचे टोक कोठे जाते, तेही पाहावे. १९३७ मध्ये पोलंडच्या सरकारने मादागास्करला पाहणी मंडळ पाठवले. १९४० मध्ये तीच योजना नाझी परराष्ट्र खात्याच्या टेबलावर होती. ज्यू हीच अडचण आहे, असे एकदा मान्य केले की मतभेद उरतो तो फक्त त्यांना कोठे न्यायचे एवढाच.

दुसरा मार्ग मांडणारे होते, आणि ते आपल्याच कुळातले होते. १८९७ मध्ये विल्ना येथे स्थापन झालेल्या 'बुंद' या ज्यू कामगार संघटनेची भूमिका साधी होती. आम्ही जेथे राहतो, राबतो, तेच आमचे घर. हक्क येथेच हवेत, आमच्या भाषेसह. १९३८ च्या वॉर्सा नगरपालिका निवडणुकीत ज्यू मतदारांनी बुंदला भरघोस कौल दिला. गांधीजींनीही त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये जन्मभूमीतील हक्काचाच आग्रह धरला; मात्र जर्मन ज्यूंना त्यांनी दिलेला सत्याग्रहाचा सल्ला मार्टिन बूबर यांना अपुरा वाटला, आणि बूबर यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. एकाकी अल्पसंख्याक केवळ धैर्यावर तगत नाहीत. त्यांच्या बाजूने बहुसंख्याकांना उभे राहावे लागते. बुंदचा युक्तिवाद हरला नाही. त्याचे कार्यकर्ते मारले गेले. बहुतेक नाझींकडून, आणि एर्लिख व आल्टर यांच्यासारखे नेते स्टालिनच्या कैदेत संपले.

मराठी वाचकाला याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. कोकणातील बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. ते मराठी बोलले, त्यांनी मराठीत कीर्तने रचली, आणि त्यांच्यासाठी वेगळी भूमी शोधावी असे कोणाला सुचले नाही. १९४८ नंतर बहुतेक जण स्वेच्छेने इस्राएलला गेले. तेथे मात्र धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावर त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांची समानता मान्य केली. 'स्वतःची' भूमी मिळाली म्हणून समता आपोआप मिळत नाही.

हे सारे उगाळण्याचे कारण वर्तमानात आहे. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गाझातील जनतेला अन्य देशांत वसवण्याची कल्पना जाहीरपणे मांडली. कालचा खेळ आज दुसऱ्या लोकांच्या नावाने मांडला जात आहे, आणि शब्दही तेच आहेत: चांगली जागा, नवी घरे, कायमची शांतता.

म्हणून त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे: युगांडा दिला असता तर काय झाले असते, हे विचारू नकोस. बर्लिन, वॉर्सा आणि किशिनेव्ह येथे ज्यू समान नागरिक म्हणून सुरक्षित राहिले असते तर काय झाले असते, हे विचार. आणि तोच प्रश्न आज गाझा, हेब्रॉन व तेल अवीव येथे राहणाऱ्या प्रत्येक माणसासाठी विचार. या जगात ओसाड भूमी शिल्लक नाही, आणि तेव्हाही नव्हती. शिल्लक आहे ती फक्त एकत्र राहण्याची अवघड राजनीती. आणि ती करण्यासाठीच आपण पक्षात आहोत.