शायराच्या घरची चूल कोण पेटवते?

आमच्या बिरादरीला शायर आवडतो, शायर जावई आवडत नाही. मुशायऱ्यात पहाटेपर्यंत दाद देणारे चाचा, त्याच मुलाचा पैगाम आपल्या घरी आला की विचारतात, ''लडका क्या करता?'' ''शायरी करता.'' ''वो तो ठीक है, काम क्या करता?'' या सवालावर हसायची आपल्या लेखकांना सवय झाली आहे. कथेत हा बाप पैशाचा लोभी, रुक्ष आणि प्रेमाचा दुष्मन असतो. मुलगी त्याचा उंबरठा ओलांडून फाटक्या कुर्त्यातल्या कलावंतामागे जाते आणि कथा तिथेच संपते. महिन्याच्या वीस तारखेला त्या घरात काय शिजले, हे आमचे कथाकार सांगत नाहीत.

आम्ही आधी या बापाची बाजू घेणार आहोत. हजरत फातिमा बिंते कैस (रजि.) यांना निकाहाचे पैगाम आले, तेव्हा त्या सल्ल्यासाठी पैगंबरांकडे (स.) गेल्या. मुआवियांकडे माल नाही आणि अबू जहम यांची काठी खांद्यावरून उतरत नाही, असे पैगंबरांनी (स.) स्पष्ट सांगितले आणि उसामांचे नाव सुचवले. हे उसामा गुलामीतून मुक्त झालेल्या जैद यांचे पुत्र होते. म्हणजे घराण्याचा तोरा इथे पाहिला गेला नव्हता. हातातली तंगी आणि हाताचा मार, या दोन गोष्टी बाईला निकाहाआधी कळल्या पाहिजेत, एवढेच पाहिले गेले. मग आजच्या बापाने कमाई विचारली तर तो प्रेमाचा सौदा कसा ठरतो?

पण हा बाप अर्धाच सवाल विचारतो, ही आमची खरी तक्रार आहे. 'तो काय कमावतो?' यापाशी तो थांबतो. 'माझी मुलगी काय कमावेल आणि त्या कमाईवर हक्क कुणाचा राहील?' हे तो विचारत नाही. कारण मुलीला कमावते करायचे त्याने मनावरच घेतलेले नसते.

ज्यांनी कलावंतावर जीव लावला, त्या सगळ्या बायका काही भोळ्या नव्हत्या. शौकत आपाचेच पाहा. त्यांचे माहेर औरंगाबादला. कैफी आझमींवर त्यांचे मन जडले, तेव्हा वडिलांनी आरडाओरड केली नाही. मुलीला घेऊन ते मुंबईला आले आणि हा शायर कसा राहतो, काय खातो, ते तिला डोळ्यांनी पाहू दिले. कैफी तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते, महिन्याला चाळीस रुपये मिळत. शौकत आपांनी सगळे पाहून होकार दिला आणि १९४७ साली निकाह झाला. आमच्या मते असा बाप आपल्या साहित्यात एकदा तरी यायला हवा. पुढे पक्षाचे नेते पी. सी. जोशी यांनी त्यांना बजावले की, कम्युनिस्टाच्या बायकोने रिकामे बसायचे नसते, कमवायचे असते. मग त्यांनी रेडिओवर काम केले, पृथ्वी थिएटरमध्ये नोकरी धरली, लहानग्या शबानाला घेऊन दौरे केले. 'याद की रहगुजर' या आठवणींच्या पुस्तकात हे सगळे त्यांनी प्रेमाने लिहिले आहे, पण पैशाचा हिशेब झाकलेला नाही.

सफिया अख्तर यांचे मात्र एवढे निभले नाही. जांनिसार अख्तर सिनेमात नशीब काढायला मुंबईला गेले आणि सफिया भोपाळच्या हमीदिया कॉलेजात शिकवत दोन मुलांना सांभाळत राहिल्या. १९५३ साली त्या वारल्या, तेव्हा थोरला जावेद जेमतेम आठ वर्षांचा होता. नवऱ्याला लिहिलेली त्यांची पत्रे नंतर पुस्तकरूपाने आली. ती पत्रे आपण प्रेमपत्रे म्हणून वाचतो आणि डोळे पुसतो. एका नोकरदार बाईने दूर अंतरावरून चालवलेल्या संसाराचा कागद म्हणून ती कोण वाचतो?

इथे शरियतचा विषय काढावाच लागतो, कारण आपले लोक तो सोयीपुरताच काढतात. नफका नवऱ्यावर आहे. बायकोची कमाई तिची आहे. हजरत अब्दुल्ला बिन मसऊद (रजि.) तंगीत होते, तेव्हा त्यांच्या पत्नी जैनब (रजि.) यांनी, नवऱ्यावर खर्च केला तर चालेल का, असे पुसवले. पैगंबरांचे (स.) उत्तर असे की, त्यात दुहेरी सवाब आहे, नात्याचा आणि सदक्याचा. सदक्याचा! म्हणजे बायकोच्या पगारावर गझल लिहिणाऱ्याने आपण काय घेत आहोत ते ओळखावे. देणारीने आनंदाने द्यावे, आमची हरकत नाही. पण सदका घेणाऱ्याने, चहा गार का, म्हणून दरडावायचे नसते.

आणि आमचे समीक्षक याला 'त्याग' म्हणतात, 'मूक साथ' म्हणतात. साथ मूक असली की फार बरे असते. शाहीर अमर शेखांच्या कन्येने, मलिका अमर शेख यांनी, १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहून एका मोठ्या कवीच्या घरातली बाजू मांडली. त्या घरात कवी दोन होते, हे लोकांना तेव्हाही आठवावे लागले.

कलेसाठी उपाशी राहावेच लागते, हेही आम्हाला मान्य नाही. मालेगाव-भिवंडीत दिवसभर माग चालवून रात्री नशिस्तीत गझल वाचणारे आहेत. त्यांच्या शेराचे वजन मागाच्या खडखडाटाने घटलेले नाही. फकिरीचा डौल मिरवणारे बहुधा दुसऱ्याच्या कमाईवर फकीर असतात.

यात आपली संमेलनेही सुटत नाहीत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून मांडववाला, ध्वनिक्षेपकवाला, बिर्याणीचा आचारी यांना चोख पैसे देणारे कितीतरी आयोजक कवीच्या हाती शाल आणि नारळ देतात. एसटीचे भाडे मागितले तर 'समाजाचे काम आहे' असे ऐकवतात. समाजाच्या या कामाचा खर्च कुठल्या तरी घरी शिलाई मशीन चालवणारी किंवा अंगणवाडीत जाणारी बाई भरत असते. तिला निमंत्रणही नसते. पुढच्या वेळी निमंत्रणपत्रिका छापायला टाकाल, तेव्हा मानधनाचा आकडा आधी ठरवा आणि त्या बाईसाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवा. तिला त्या दिवशी सुट्टी मिळेल की नाही, ते मात्र विचारून घ्या.