धोट्याच्या जोडीला लेखणी

वर्षप्रतिपदेला महाराष्ट्रात दोन गोष्टी घडत आल्या आहेत. गुढीच्या टोकाला रेशमी वस्त्र चढते आणि घरातले मूल पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करते. वस्त्र आणि अक्षर यांना एकाच मुहूर्तावर मान देणाऱ्या या समाजात वस्त्र विणणाऱ्याच्या विद्येविषयी जे लिहिले गेले, ते मात्र बहुतांशी इतरांनी आणि आपापल्या सोयीने लिहिले. येत्या पाडव्याला येवल्या-पैठणच्या विणकराने मागाशेजारी एक वही ठेवावी आणि आपली विद्या आपल्या शब्दांत उतरवून पुढच्या पिढीला शिकवावी, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते.

इतरांनी लिहिले की काय होते, याचा दाखला दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. १८६६ साली जॉन फोर्ब्ज वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत बसवले. असे २० संच निघाले. १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ इकडे आले. येथील लोकांना कसले कापड रुचते हे तिकडच्या गिरणीवाल्यांना कळावे, हा हेतू त्याने लपवलाही नाही. त्याच्या चिकाटीला दाद द्यावी लागेल. पण ते कापड ज्या हातांतून उतरले, त्या हातांनी पुढच्या हातांना काय शिकवावे, हा त्या खंडांचा विषयच नव्हता.

हा विषय किती सूक्ष्म आहे, हे पैठणीचा पदर उलटून पाहिला की कळते. हातमागावरच्या अस्सल पदराची पाठ जवळजवळ पोटासारखीच नेटकी दिसते. नक्षीतल्या प्रत्येक रंगाची तिल्ली वेगळी असते आणि दोन रंग भेटतात तेथे त्यांचे धागे एकमेकांत अडकवले जातात. बांगडी मोर असो वा असावली, विणकर धागे मोजत पुढे सरकतो. ताण किती ठेवायचा, तुटलेली जर कशी सांधायची, धूपछावेसाठी ताण्याला कोणता आणि बाण्याला कोणता रंग घ्यायचा, हे सारे त्याच्या बोटांत असते. बाप मुलाला ‘बघ आणि कर’ एवढेच सांगतो. मुलगा मागाशेजारी बसत होता तोवर ते पुरेही होते. आता तो बसेलच याची हमी कोण देणार? २००९-१०च्या हातमाग गणनेत देशातील विणकर व पूरक कामगार ४३.३१ लाख होते. २०१९-२०च्या गणनेत ते ३५.२२ लाख भरले. दहा वर्षांत आठ लाखांची घट. बघणारेच उठून गेले, तर बघण्यावर चालणारी विद्या कशी टिकणार?

विणकराच्या मनात एक शंका येईल आणि ती रास्त आहे. लिहून ठेवले तर यंत्रमागवाला ते उचलेल, मग आमच्या पोटाचे काय? गांधीजींच्या आश्रमात विणकाम शिकवायला पालनपूरहून आणलेल्या कारागिराने आपली सारी कला दिली नव्हती, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. मगनलाल गांधींनी ती पुढे स्वतःच्या बुद्धीने आत्मसात केली. त्या कारागिराला दोष देण्याची आमची इच्छा नाही. ज्याचे भांडवल केवळ हात, तो हात झाकणारच. परंतु यंत्रमागवाल्याला नक्षी चोरण्यासाठी वही लागत नाही, बाजारातून विकत घेतलेली एक साडी पुरते. उलट २०१० साली पैठणीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, तेव्हा तिची वैशिष्ट्ये कागदावर मांडावी लागलीच. नाव वाचवण्यासाठी लेखन उपयोगी पडले, मग विद्या वाचवण्यासाठी का पडू नये?

खरी अडचण वेगळी आहे. विणकराला मोबदला मिळतो तो विणलेल्या वस्त्राचा. वहीपाशी गेलेला तास त्याच्या चुलीवरून जातो. म्हणून हे काम त्याच्या एकट्याच्या संकल्पावर सोडून भागणार नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ गावातल्या शाळेतील शिक्षकाने अथवा घरातल्या शिकलेल्या मुलीने मागाशेजारी बसावे. विणकराने सांगावे, तिने लिहावे, लिहिलेले वाचून दाखवावे आणि चुकले असेल तेथे त्याने थांबवावे. आधी ताणा, मग रंग, मग काठ, आणि पदर सर्वांत शेवटी, कारण त्याला महिने लागतील. भाषा त्याचीच राहू द्यावी. मागाच्या प्रत्येक भागाला त्याच्या तोंडी जे नाव आहे तेच लिहावे; पुस्तकी प्रतिशब्द घालण्याचा मोह आपल्या शिक्षित मंडळींना फार होतो. गावच्या वाचनालयाने वही छापावी, मुखपृष्ठावर विणकराचे नाव घालावे आणि त्या संध्याकाळचा मोबदला त्याला रोख द्यावा. लग्नासाठी पैठणी घेणाऱ्या कुटुंबांनी खर्चातला थोडा भाग या कामी दिला, तर पहिल्या वहीचा खर्च एका लग्नसराईत निघावा.