छातीवर कोण बसतं?

चिखलीच्या एका सासूबाईंचं पत्र आलं आहे. त्यांची सून चाकणच्या कारखान्यात कामाला जाते. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. दोन महिने झाले, ती झोपेतून मध्येच जागी होते. डोळे उघडे, पण हातपाय हलत नाहीत, ओरडावं तर आवाज फुटत नाही. छातीवर कुणीतरी बसलंय, पायथ्याशी काळी आकृती उभी आहे, असं तिला दिसतं. शेजारणी म्हणतात, "बाहेरचं आहे." अमावास्येला गावच्या देवऋषीकडे न्यावं का, असं बाई विचारतात.

सासूबाई, सुनेच्या काळजीनं लिहिलंत, फार चांगलं केलंत. देवऋषीकडे नेऊ नका. पण "मनाचे खेळ आहेत" म्हणून तिला गप्पही बसवू नका. तिला आलेला अनुभव खरा आहे, त्याला लावलेला अर्थ तेवढा चुकीचा.

स्वप्नं पडतात त्या झोपेत आपलं अंग सैल पडलेलं असतं. नाहीतर स्वप्नात धावताना आपण खरंच उठून धावलो असतो! कधी मन आधी जागं होतं, अंग मागे राहतं, आणि समोरच्या खोलीत अर्धवट स्वप्न मिसळतं. श्वास चालू असतो, पण छातीचे स्नायू सैल असल्यानं दडपण वाटतं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत हे आपोआप सरतं. जपानात याला 'कानाशिबारी' म्हणतात, तर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण छातीवर बसते असं मानत. अनुभव एकच, भूत मात्र ज्या त्या मुलखाचं!

अपुरी झोप, बदलत्या शिफ्ट, मनावरचा ताण आणि उताणं झोपणं यांनी हा त्रास वाढतो. तेव्हा उपाय घरातच आहे. रातपाळीहून आलेली सून दुपारच्या स्वयंपाकाला उठत असेल, तर ते आधी थांबवा. खिडकीला जाड पडदा लावा, टीव्ही बंद ठेवा. झोपण्यापूर्वी चहा नको. तिला कुशीवर झोपायला सांगा. तसं झालंच तर धडपड न करता एक बोट हलवायचा प्रयत्न करावा. आणि जवळ बसून विचारा, "काल किती झोपलीस? कसलं दडपण आहे का?"

जागेपणी आवाज ऐकू येत असतील, दिवसा अनावर झोप येत असेल, झोपायचीच धास्ती बसली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणखी एक. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली.

तेव्हा अमावास्येचा प्रवास रद्द करा. त्या दिवशी तिला पोटभर झोपू द्या.