पहिला कप कुणाचा?

लोणचं मुरलं की चव वाढते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण चहाही मुरवतात म्हटलं, तर हिंगोली-वसमतच्या बायका हसतील! चीनच्या युन्नान प्रांतात 'पू-अर' चहाची पानं वाफवून, दाबून भाकरीसारख्या गोल चकत्या करतात, बहुधा ३५७ ग्रॅमच्या, आणि वर्षानुवर्षं ठेवतात. चांगली जपलेली जुनी चकती जास्त महाग. १९७३ च्या सुमारास कुनमिंगमध्ये ओल्या पानांचे ढीग लावून हेच मुरणं काही आठवड्यांवर आणलं गेलं. (आपलं झटपट लोणचं म्हणा ना.) आपल्याच देशात आसाम-अरुणाचलचे सिंगफो लोक भाजलेली पानं बांबूच्या नळीत ठासून धुरावर ठेवतात.

पू-अरला दूध-साखर नाही. पहिलं पाणी पानं विसळून फेकायचं, मग त्याच पानांवर पुन्हा पुन्हा उकळतं पाणी. दर वेळी चव निराळी. कधी ओल्या मातीची, कधी जुन्या लाकडाची. हे बसून, सावकाश प्यायचं.

आणि आपण? बचत गटात विचारलं, तर एकीने सांगितलं, "सगळ्यांचा झाला की पातेल्यात उरंल तो आपला." हळद बोटांत चोळून तिचा कस सांगणाऱ्या, नुसत्या वासावरून बरणीत मीठ कमी पडलंय हे ओळखणाऱ्या या बायका. चव पारखायचा पगार घेणारी माणसं चहाच्या धंद्यात असतात; आमच्या पारखी जिभेला मात्र गार चहा!

पू-अर आपल्याकडे सहज मिळायचा नाही, परवडायचाही नाही. पण आलं-गवती चहा घातलेला आपला नेहमीचा चहा तरी, मैत्रिणींनो, पहिला कप गाळून, बसून, गरम प्या. सासूबाईंनाही शेजारी बसवा. त्यांनीही तो कधी गरम प्यायलेला नसेल.