फडताळ आपलं, मांडणी कुणाची?

सकाळच्या घाईत मोहरीच्या डब्यात हात घालावा आणि हाताला मेथ्या लागाव्यात, म्हणजे काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको! "डबे कुणी हलवले?" म्हणून विचारावं, तर घरातला प्रत्येक जण "मी नाही" म्हणतो. डबे मात्र हललेले असतात. आमच्या घरच्या संगणकाचं गेल्या वर्षी नेमकं असंच झालं. त्यातून जे घडलं ते सांगताना मला अजूनही थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण सांगितलं तर तुमच्यापैकी एखादीची तरी फजिती टळेल.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि वर्गाच्या गुणांच्या याद्या घरीच करते. माझ्या फोल्डरमध्ये सगळ्यांत नवी फाइल सगळ्यांत वर, अशी तारखेप्रमाणे मांडणी असायची. त्यामुळे फारसं न बघता वरची फाइल उचलायची, ही हाताला लागलेली सवय. सहामाहीच्या वेळी मी नवा फोल्डर केला. त्यात याद्या ठेवल्या आणि मोबाइलवर काढलेले उत्तरपत्रिकांचे चाळीसेक फोटोही टाकले. दुसऱ्या दिवशी उघडून बघते तो काय, ओळीने नावं दिसायच्या ऐवजी मोठमोठी चित्रं! तिकडे कुकरच्या शिट्ट्या, इकडे शाळेची घाई. त्या गर्दीत जी पहिली यादी दिसली ती पाठवून मी मोकळी झाले.

ती यादी जुनी होती. तिच्यात एका मुलीच्या नावापुढे तोंडी परीक्षेला 'गैरहजर' असं होतं. पोर तापाने आजारी होती. नंतर मीच तिची परीक्षा घेतली होती आणि वीसपैकी सतरा गुण दिले होते. प्रगतिपुस्तक मात्र 'गैरहजर' म्हणूनच घरी गेलं. चार दिवसांनी तिची आई शाळेत आली आणि हळूच म्हणाली, "बाई, परीक्षा दिली असं ती घरी शपथेवर सांगत होती. आम्ही तिला खोटारडी म्हणून बोललो हो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि घरी येऊन मी काय केलं असेल? आमच्या चिरंजीवांना फैलावर घेतलं! "तूच खेळत बसतोस आणि सगळं बिघडवून ठेवतोस!" बिचारा त्या दिवशी मामाकडे गेलेला होता. मग ह्यांनी आणि मी रात्री जेवणं आटोपल्यावर शांतपणे बसून या गोष्टीचा उलगडा केला. तो तुमच्यासाठी इथे देते.

विंडोजच्या संगणकात फोल्डरचे पाच प्रकार मानलेले असतात: साधा, कागदपत्रांचा, चित्रांचा, गाण्यांचा आणि व्हिडिओंचा. प्रत्येकाची मांडणी वेगळी. आपण नवा फोल्डर केला, की आत काय भरलंय ते बघून संगणक आपल्या मनानेच प्रकार ठरवतो. माझ्या फोल्डरात याद्या दोन-चार आणि फोटो चाळीस. त्याने ठरवून टाकलं, की हे फोटोंचं फडताळ! त्यात ना माझा दोष, ना मुलाचा.

यावर उपाय सोपा आहे. फोल्डरवर माउसचं उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. त्यात 'कस्टमाइझ' या पानावर 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' असं विचारलेलं असतं. तिथे 'जनरल आयटम्स' निवडा. त्याखालच्या चौकटीत खूण केलीत, की आतल्या फोल्डरांनाही तोच प्रकार लागू होतो. मग 'ओके' म्हणा, फोल्डर उघडा आणि 'व्ह्यू'मधून 'डीटेल्स' निवडा, म्हणजे नावं ओळीने दिसतील. 'सॉर्ट बाय'मध्ये 'डेट मॉडिफाइड' घेतलंत, की तारखेचा क्रम लागतो.

हीच मांडणी सगळीकडे हवी असेल, तर तो फोल्डर उघडा ठेवूनच 'ऑप्शन्स'मध्ये जा. विंडोज १० मध्ये ते वरच्या 'व्ह्यू' पट्टीच्या उजव्या टोकाला आहे, ११ मध्ये वरच्या तीन टिंबांत. तिथे 'व्ह्यू' या पानावर 'अप्लाय टू फोल्डर्स' दाबा. पण एक गोम लक्षात ठेवा, बरं का! ही आज्ञा फक्त त्याच प्रकारच्या फोल्डरांना लागू होते. साध्या फोल्डरातून दिलेली आज्ञा चित्रांचे फोल्डर ऐकत नाहीत. "सगळं केलं, तरी बदलतंच!" अशी तक्रार पुष्कळ वेळा यातूनच येते. शेजारचंच 'रीसेट फोल्डर्स' हे बटण त्या प्रकारच्या फोल्डरांची मांडणी मूळपदावर आणतं.

आता काही बारीकसारीक चोर सांगते.

पहिला चोर आपलंच बोट. 'कंट्रोल' कळ दाबलेली असताना माउसचं चाक फिरलं, की चित्रं लहानमोठी होतात आणि मांडणीही बदलते. पुसताना, सरकवताना हे सहज होतं. 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि ६ या कळा एकदम दाबल्या, की 'डीटेल्स' परत येतं. तसंच 'नेम', 'डेट' या मथळ्यांवर चुकून टिचकी बसली, की क्रम फिरतो. पुन्हा 'डेट'वर टिचकी मारा. नवी फाइल खाली गेली असेल, तर आणखी एकदा मारा.

दुसरा 'डाऊनलोड्स' फोल्डर. मे २०१९ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या सुधारणेपासून तिथे 'आज', 'काल', 'मागचा आठवडा' असे गट पडायला लागले. ते नको असतील, तर मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबून 'ग्रुप बाय'मध्ये 'नन' निवडा.

तिसरा चोर म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच खातं. संगणक मांडणी लक्षात ठेवतो ती खात्यागणिक. एकाच खात्यावर तुम्ही, हे आणि मुलं बसलात, तर प्रत्येकाचा हात लागणारच. 'सेटिंग्ज'मधल्या 'अकाउंट्स'मध्ये जाऊन मुलांना वेगळं खातं करून द्या. त्यांचे खेळ त्यांच्याकडे, आपल्या याद्या आपल्याकडे!

आणखी एक. पेन ड्राइव्ह शाळेतल्या संगणकाला लावला, की तिथे मांडणी निराळी दिसते. कारण मांडणीची आठवण संगणकात असते, पेन ड्राइव्हमध्ये नसते. पत्राला फाइल जोडताना जी छोटी खिडकी उघडते, तीही आपली मांडणी वेगळीच लक्षात ठेवते. फोल्डरात नवी फाइल वर दिसली, म्हणून तिथेही वरच असेल असं धरून चालू नका.

कुणी 'रजिस्ट्री'त जाऊन काही पुसायला सांगितलं, तर मात्र त्या वाटेला आपण स्वतः जाऊ नये. ती घराची वायरिंग आहे. जाणत्या माणसालाच हात लावू द्यावा.

इतकं सगळं कळल्यावरही मला एक गोष्ट टोचत राहिली. मांडणी बदलली हे खरं, पण यादी उघडून न बघता पाठवली ती मीच ना? डब्यांच्या जागेवर विसंबून राहणारी बाई कधीतरी खिरीत मीठ घालतेच! म्हणून आता मी फाइलच्या नावातच तारीख लिहिते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे नावाने लावा की तारखेने, क्रम तोच राहतो. 'अंतिम', 'नवी अंतिम' असली नावं बंद केली. जुन्या याद्या 'जुने' नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवते. आणि पाठवण्यापूर्वी फाइल उघडून एकदा डोळ्यांखालून घालते. त्याला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात कुकरची एक शिट्टी होते.

प्रगतिपुस्तक दुरुस्त करून दिलं. त्या मुलीची चूक नव्हती, माझी होती, हे वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती मान खाली घालून हसली. घरी चिरंजीवांचीही माफी मागायची होती. त्यांनी ती एका वाटीभर शिऱ्यावर मिटवली!

तेव्हा मैत्रिणींनो, डब्यांना चिठ्ठ्या लावा आणि झाकण उघडून बघितल्याशिवाय फोडणीत काही टाकू नका. पुन्हा भेटूच.