बाबांचे कान आणि 47 हर्ट्झ

मंडळी, आज जरा भांडायचंच ठरवून बसलोय. भांडण आहे 'शुद्ध आवाज'वाल्यांशी. इक्वलायझर हा शब्द नुसता काढला तरी ज्यांचं सोवळं मोडतं, पण तीस हजाराची वायर जे डोळे मिटून घेतात आणि दुसऱ्याच्या गळ्यातही मारतात, त्यांच्याशी.

तर झालं असं. आमचं घर यवतमाळला. जुनं घर कवेलूचं होतं. बाबांची स्टिरिओ तिथे पंधरा-वीस वर्षं सुखाने वाजली. रोज संध्याकाळी शाळेतून आले की चहा आणि दोन राग, हा त्यांचा नेम. पुढे ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. बारा बाय बाराची समोरची खोली, दहा फूट उंची, चार सिमेंटच्या भिंती, खाली चकचकीत फरशी. स्पीकर तेच, अँप्लिफायर तोच. आणि गाणं मात्र बिघडलं. डग्ग्यावर थाप पडली की खोली घुमायची, खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि गायकाचे शब्द त्या घुमाऱ्याखाली गाडले जायचे.

बाबा दुकानदाराकडे गेले. त्याने वायर बदलायला लावली. मग अँप्लिफायर 'कमी पडतो' म्हणाला. मग सबवूफर दिला! म्हणजे आधीच पूर आलेल्या गावात टँकर पाठवला. हे सगळे पैसे रिटायरमेंटचे होते. शेवटी बाबा मला फोनवर म्हणाले, "आता माह्ये कानच गेले रे बाप्पा. स्पीकर बदलून काय होते?" आणि मी, पुण्यात बसलेला शहाणा इंजिनियर, म्हणालो, "बाबा, वय झालं की होतं असं." मग त्यांनी ऐकणंच बंद केलं. स्टिरिओवर आईने विणलेलं कापड घातलं गेलं, त्यावर फुलदाणी आली. सहज म्हणून कान तपासले, तर डॉक्टर म्हणाले की वयाच्या मानाने उत्तम आहेत. मला लाज वाटली ती तेव्हा.

डिसेंबरात गेलो तेव्हा मोजमापाचा यूएसबी माइक घेऊन गेलो. 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत एक सरकता सूर सोडायचा, बसण्याच्या जागी माइक ठेवून रेकॉर्ड करायचा, की ग्राफ समोर. आमच्या ग्राफमध्ये 47 हर्ट्झला शेजारपाजारपेक्षा 13 डेसिबल उंच असा एक टेकडा होता. त्याचा धाकटा भाऊ 94 ला.

ह्यात जादू काही नाही, नववीचं विज्ञान आहे. 20 अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. त्याला 47 ने भागा, लाटेची लांबी येते सव्वासात मीटरच्या आसपास, म्हणजे चोवीस फूट. खोली बारा फूट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी लाट चपखल बसते आणि तिथेच झुलत राहते. आमची खोली चौरस, म्हणून लांबीचा झुला आणि रुंदीचा झुला एकाच सुरावर. वर स्पीकर कोपऱ्यात (तिथून सगळे झुले जोरात हलतात) आणि सोफा भिंतीला चिकटलेला (तिथे दाब सगळ्यात जास्त). वास्तुशास्त्रवाल्यांना चौरस खोली फार शुभ वाटते म्हणे. डग्ग्यासाठी तिच्याइतकी अशुभ खोली नाही :-)

जुन्या घरात हे का होत नव्हतं? कारण कवेलूचं छप्पर हलकं आणि फटीफटीचं. खालचा आवाज वर आकाशात निघून जायचा. स्लॅब त्याला जाऊ देत नाही.

बरं, फोम लावा म्हणतात. दोन इंची फोम 47 हर्ट्झचं काहीही वाकडं करू शकत नाही. अशा मऊ वस्तूने ती लाट नीट पकडायची तर जाडी लाटेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास हवी, म्हणजे सहा फूट! लहानपणी दिग्रसकडे मामाच्या घरी भाव वाढेपर्यंत खोलीभर कापूस भरून ठेवलेला असायचा. त्या खोलीत आम्ही ओरडायचो तर आवाज जणू तोंडातच विरायचा. यवतमाळ जिल्ह्यात कापसाला तोटा नाही, पण बैठकीच्या खोलीत सहा फूट कापूस रचला तर आई मला त्याच्यासकट बाहेर काढेल. सोफा तीन फूट पुढे घेतला तर त्या झुल्याचे तीनेक डेसिबल फुकटात कमी होतात, तेही सुचवून पाहिलं. "मंग पाहुणे कुठून येतीन, खिडकीतून?" विषय संपला.

उरला डिजिटल इक्वलायझर. अँप्लिफायरवरची बास-ट्रेबलची बटणं नव्हेत. बासचं बटण खालचं सगळंच वरखाली करतं, म्हणजे एका दातासाठी अख्खी बत्तिशी काढणं. पॅरामेट्रिक फिल्टरमध्ये नेमका सूर, किती कमी करायचा आणि किती अरुंद, हे तिन्ही सांगता येतं. मी 47 ला 11 डेसिबल आणि 94 ला 5 डेसिबल कापले. बास्स. रास्पबेरी पायवर 'कॅमिलाडीएसपी', तेही फुकट. एका फिल्टरला दर नमुन्यामागे पाच गुणाकार आणि चार बेरजा लागतात. एवढं गणित त्या चिमुकल्या बोर्डाला जांभई देता देता जमतं.

आता सोवळेकरी म्हणतील, "मूळ रेकॉर्डिंगला हात लावला!" अहो, 47 वर 13 डेसिबलचा टेकडा रेकॉर्डिंगमध्ये होता का? तो खोलीने घातलाय. मी तो काढतोय. आणि ज्या एलपीच्या शुद्धतेची शपथ घेता, ती तर इक्वलायझरशिवाय ऐकताच येत नाही! 1950 च्या दशकात ठरलेल्या 'रिआ' वक्राप्रमाणे खोबण कापताना बास कमी करतात आणि ट्रेबल वाढवतात, वाजवताना फोनो स्टेज ते उलटं करतं. 20 हर्ट्झला जवळजवळ 20 डेसिबलची उचल. ते पवित्र, आणि माझे 11 डेसिबल पाप? वायरचं तर बोलूच नका. पुरेशा जाडीच्या साध्या तांब्याच्या वायरीत आणि त्या महागड्या सापात 47 हर्ट्झला फरक किती पडतो ते त्याच माइकने मोजा. मी मोजला, ग्राफवर दोन रेषा वेगळ्या दिसेनात.

"पण आवाज रेंगाळतो त्याचं काय, ईक्यूने तो थोडाच थांबतो?" हा प्रश्न मात्र चांगला आहे. खालच्या सुरांत टेकडा आणि रेंगाळणं ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं. बसण्याच्या जागी टेकडा नीट कापला की तिथलं रेंगाळणंही आखडतं. आमच्याकडे थापेनंतर अर्धा सेकंद घुमत होतं. मिनिटाला 120 मात्रांची लय धरा, म्हणजे पुढची मात्रा आली तरी मागची गेलेली नाही!

मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. हे औषध सोफ्यापुरतं आहे. खोलीच्या मध्यभागी उभं राहिलात तर तिथे 47 आधीच क्षीण होता, आता तर गायबच. आणि ग्राफमध्ये खड्डा असेल तर तो भरायला जाऊ नका. 10 डेसिबल वाढवायचे म्हणजे अँप्लिफायरकडे दहापट ताकद मागायची, आणि ती ओतूनही तो खड्डा बहुधा गिळून टाकतो. फक्त कापा. घरोघरी त्या पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरवर दोन्ही टोकं वर, मधलं खाली असा जो हसरा चेहरा काढलेला असतो, तो बघून मला रडू येतं.

फिल्टर लावले आणि बाबांना बसवलं. काय केलंय ते सांगितलं नाही. एकदा चालू, एकदा बंद. दुसऱ्यांदा चालू केल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. काही बोलले नाहीत. बारा-पंधरा मिनिटांनी म्हणाले, "तानपुरा आयकू येऊन रायला." मग थोड्या वेळाने, "मंग माह्ये कान...?"

"चांगले आहेत बाबा. तेव्हाही होते."

मे महिन्यात परत गेलो. खोलीत 38 अंश. गरम हवेत आवाज जास्त वेगाने धावतो, म्हणून टेकडा साडेअठ्ठेचाळीसच्या जवळ सरकलेला. बाबांना फरक कळला नव्हता, पण ग्राफवर दिसल्यावर मला राहवेना. आता दोन फायली आहेत, 'हिवाळा' आणि 'उन्हाळा'. कूलर काढला की बाबा स्वतः बदलतात. फुलदाणी टीव्हीवर गेली आहे. सबवूफर माळ्यावर खोक्यात पडलाय, दुकानदार परत घ्यायला तयार नाही.